ज्युलिया पास्त्राना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जत्रा-सर्कशीतल्या 'नवलाच्या' खेळांवर आणि दुर्मीळ जनुकीय अवस्थांवर आम्ही लिहू लागल्यापासून ज्युलिया पास्त्राना यांच्याविषयीची विचारणा थांबलेली नाही. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असे लिहिले असून, जेथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ज्युलिया पास्त्राना कोण होती?

ज्युलिया पास्त्राना या एकोणिसाव्या शतकातील मेक्सिकन गायिका आणि नर्तकी. त्यांचा जन्म १८३४ साली मेक्सिकोच्या पश्चिमेकडील सिनालोआ प्रांतात, तेथील मूलनिवासी समाजात झाला असे मानले जाते. तरुणपणी त्या सिनालोआचे गव्हर्नर पेद्रो सान्चेझ यांच्या घरी कामाला होत्या. १८५४ मध्ये त्यांनी ते घर सोडले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवरील गॉथिक हॉलमध्ये त्या पहिल्यांदा तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. त्यानंतर जेमतेम सव्वापाच वर्षे त्यांनी अमेरिकेत आणि युरोपात कार्यक्रम केले. मार्च १८६० मध्ये मॉस्को येथे बाळंतपणानंतर त्यांचे निधन झाले.

त्यांची उंची सुमारे साडेचार फूट होती. चेहऱ्यावर आणि अंगावर दाट, काळे, राठ केस होते आणि हिरड्या इतक्या जाड झालेल्या होत्या की ओठ व जबडा पुढे आल्यासारखा दिसे. एवढ्या भांडवलावर त्यांच्या व्यवस्थापकांनी त्यांना 'अस्वल-स्त्री', 'वानर-स्त्री' अशी नावे देऊन जाहिराती केल्या. ती नावे आम्ही या एका ठिकाणी माहितीसाठी दिली आहेत. पुढे वापरलेली नाहीत.

२. तिच्या लहानपणाच्या गोष्टी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या का सापडतात?

त्या गोष्टी बहुतांशी तिकिटाच्या खिडकीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांमधून आलेल्या आहेत म्हणून. आई डोंगरात हरवली होती, ती जनावरांच्या सहवासात राहिली, मुलगी गुहेत सापडली, अशा कथा खेळवाले प्रेक्षकांचे कुतूहल चाळवण्यासाठी रचत. त्यांवर विश्वास ठेवू नये. पत्रांतून कोणी त्या विचारल्या तर आम्ही त्या पुन्हा सांगत नाही, कारण खोटी जाहिरात दीडशे वर्षे जुनी झाली म्हणून तिचा इतिहास होत नाही.

३. तिला नेमके काय झाले होते?

दोन गोष्टी एकत्र होत्या. सर्वांगावर राठ, रंगीत केस वाढण्याच्या जन्मजात अवस्थेला हायपरट्रायकोसिस म्हणतात, आणि हिरड्यांच्या ऊतींची बेसुमार वाढ ही तिच्यासोबत काही जणांत आढळते. आपल्या सगळ्यांच्या अंगावर बारीक, फिकी लव असते. या अवस्थेत त्या लवेच्या जागी डोक्यावरच्या केसांसारखे जाड केस येतात. तळहात आणि तळपाय मात्र मोकळे राहतात, कारण तेथे केसांची मुळेच नसतात.

यान बाँडेसन आणि ए. ई. डब्ल्यू. माइल्स या अभ्यासकांनी १९९३ साली एका वैद्यकीय जनुकशास्त्राच्या नियतकालिकात ज्युलिया यांच्याविषयीच्या सर्व जुन्या नोंदी तपासून हे निदान मांडले. पुढे २००९ साली चीनमधील काही कुटुंबांच्या अभ्यासात अशाच अवस्थेचा संबंध सतराव्या गुणसूत्राच्या एका तुकड्याशी असल्याचे दिसून आले: तेथे जनुकीय मजकुराचा काही भाग गळालेला किंवा दुप्पट झालेला होता. ज्युलिया यांच्या बाबतीत हाच दोष होता असे त्यावरून ठामपणे म्हणता येणार नाही. लक्षणे मात्र त्याच गटात बसतात.

या अवस्थेत बुद्धी, आयुर्मान किंवा स्त्रीत्व यांना मुळात धक्का लागत नाही. ज्युलिया यांची मासिक पाळी नियमित होती, शरीराची ठेवण स्त्रीची होती आणि त्या आईही झाल्या. म्हणून 'आजार' या शब्दापेक्षा आम्ही 'अवस्था' असा शब्द वापरतो.

४. त्या काळच्या डॉक्टरांनाही ती माणूस आहे हे कळले नाही का?

काहींना कळले आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. काहींनी मात्र उलटेच सांगितले. न्यूयॉर्कचे डॉक्टर अलेक्झांडर मॉट यांनी त्या माणूस आणि ओरांगउटान यांच्या संकरातून जन्मल्याचे प्रमाणपत्र दिले. क्लीव्हलंडच्या एका डॉक्टरांनी तर वेगळीच प्रजाती ठरवून टाकली. याउलट बॉस्टनच्या निसर्ग-इतिहास संस्थेचे सॅम्युअल नीलँड यांनी तपासणी करून ही पूर्णपणे मानवी स्त्री आहे असा निर्वाळा दिला. १८५७ मध्ये लंडनला 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात जे. झेड. लॉरेन्स यांनी त्यांचे वर्णन केले, तेही एका स्त्रीचे वर्णन म्हणूनच.

तेव्हा ज्ञान अपुरे होते, हे कारण अर्धेच आहे. बरोबर उत्तर त्याच काळात, त्याच देशात उपलब्ध होते. जाहिरातीत मात्र मॉट यांचे प्रमाणपत्र छापले गेले, कारण त्याने तिकिटे खपत होती. पैसे घेऊन किंवा न घेऊन, विज्ञानाच्या नावाने दिलेल्या त्या एका कागदाने ज्युलिया यांचे जितके नुकसान केले तितके गर्दीतल्या हसणाऱ्यांनी केले नसेल, असे आमचे मत आहे.

५. ती रंगमंचावर काय करायची? नुसती उभी राहायची का?

नाही. त्या इंग्रजी आणि स्पॅनिश गाणी म्हणत, स्पॅनिश नृत्ये आणि स्कॉटलंडचे 'हायलँड फ्लिंग' हे नृत्य करत, मध्यंतरात प्रेक्षकांमध्ये येऊन त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत. १८५७ मध्ये लंडनच्या रीजेंट गॅलरीत त्यांचे प्रयोग झाले. इंग्रज निसर्गअभ्यासक फ्रान्सिस बकलंड त्यांना तेथे भेटले होते. गोड आवाज, संगीत आणि नृत्याची उत्तम जाण, तीन भाषा बोलण्याची तयारी, आणि कमाईतून स्थानिक संस्थांना सढळ हाताने केलेली मदत, असे त्यांनी ज्युलिया यांच्याविषयी लिहून ठेवले आहे.

त्याच वर्षी जर्मनीत लाइपझिग येथे त्यांच्यासाठी एक विनोदी नाटक बसवण्यात आले. त्यात एक गवळी बुरखा घातलेल्या स्त्रीच्या प्रेमात पडतो. तो रंगमंचावरून आत गेला की ती प्रेक्षकांकडे वळून बुरखा वर करते आणि सभागृह हसते. शेवटी त्याला चेहरा दिसतो आणि त्याचे प्रेम ओसरते. पोलिसांनी दोन प्रयोगांनंतर ते बंद पाडले. बंदीचा मुद्दा सभ्यतेचा होता, ज्युलिया यांच्या मानाचा नव्हे. ज्या स्त्रीला संवाद पाठ होते, सूर लावता येत होता, परक्या भाषेत प्रेक्षकांना खिळवून ठेवता येत होते, तिला नाटकात मिळालेली भूमिका ही अशी होती.

६. थिओडोर लेंटने तिच्याशी प्रेमाने लग्न केले की पैशांसाठी?

लेंट हा खेळवाला होता. ज्युलिया अमेरिकेत आल्यावर थोड्याच काळात त्याने त्यांच्याशी लग्न केले आणि कार्यक्रमांची सूत्रे स्वतःकडे घेतली. त्याच्या मनात काय होते हे सांगता येणार नाही. त्याने काय केले ते मात्र नोंदलेले आहे. दिवसा रस्त्यावर फिरण्यास तो त्यांना मनाई करी, कारण फुकट चेहरा दिसला तर तिकीट कोण काढणार. संध्याकाळी कधी सर्कस पाहायला नेले तर जाड बुरखा घालून. व्हिएन्नातील सर्कशीचे मालक हर्मान ओटो त्यांना भेटले होते आणि फ्रीडरिके गोसमान या अभिनेत्रीशी त्यांची मैत्री झाली होती. या दोघांना त्या मृदू, समंजस आणि काहीशा उदास वाटल्या. आपला नवरा आपल्यावर आपल्यासाठीच प्रेम करतो, असे त्या सांगत.

ज्युलिया यांचा त्यावर खरोखर विश्वास होता, हे आम्ही मानतो. त्यांना भोळे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. लेंटविषयीचा निकाल प्रश्न ८ मधील घटनांवरून वाचकांनीच लावावा.

७. मग ती त्याला सोडून का गेली नाही? पैसे तर तीच कमवत होती.

कमावत त्या होत्या. कमाई कायद्याने त्यांची नव्हती. इंग्लंडच्या रूढ कायद्यानुसार, आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागांतही, विवाहित स्त्रीची मिळकत नवऱ्याची मानली जाई. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मजुरीवर हक्क देणारा कायदा १८७० साली झाला, म्हणजे ज्युलिया यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. न्यूयॉर्क राज्याने तो हक्क १८६० साली दिला. त्या वर्षी मार्चमध्येच त्या वारल्या.

साधा व्यवस्थापक करार मोडून बदलता येतो. नवरा झालेला व्यवस्थापक बदलता येत नव्हता. लग्नाच्या एका कागदाने लेंटला त्यांच्या आवाजावर, पैशांवर आणि फिरण्यावर ताबा मिळाला, आणि तोच कागद त्याने पुढे आणखी एकदा वापरला (प्रश्न ८ पाहा). सारा विषय समजून घेण्याची किल्ली आम्हाला येथे दिसते. जनुकाने त्यांना केस दिले. बंदिवास दिला तो कायद्याने आणि धंद्याने.

८. तिचा मृत्यू कसा झाला, आणि त्यानंतरही तिचे प्रदर्शन केले हे खरे आहे का?

खरे आहे. मार्च १८६० मध्ये मॉस्कोत त्यांना मुलगा झाला. आईसारखेच केस घेऊन आलेले ते बाळ सुमारे ३५ तास जगले. बाळंतपणातील गुंतागुंतीमुळे पाचव्या दिवशी ज्युलिया यांचाही अंत झाला.

लेंटने दोन्ही देह मॉस्को विद्यापीठातील प्राध्यापक सुकोलोव्ह यांना विकले. सुकोलोव्ह यांनी ते टिकवण्याची प्रक्रिया इतक्या कौशल्याने केली की काही महिन्यांनी देह जिवंतासारखे दिसू लागले, आणि ते विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवले गेले. ही बातमी कानावर जाताच लेंट परत आला. अमेरिकी वकिलातीच्या मदतीने, विवाहाचा दाखला पुढे करून, त्याने देह परत मिळवले. १८६२ मध्ये ते लंडनच्या पिकॅडिलीत मांडले गेले.

बकलंड तेथेही गेले. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्याशी ते बोलले होते त्या ज्युलिया आता एका टेबलावर उभ्या होत्या, अंगावर कार्यक्रमात घालायचा तोच पोशाख होता, आणि चेहरा उत्तम मेणशिल्पासारखा दिसत असला तरी मेणाचा नव्हता. शेजारी बाळही उभे केलेले होते. ३५ तासांच्या आयुष्यात जे बाळ उभे राहण्याचा प्रश्नच नव्हता, ते पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ उभे राहिले.

लेंटने नंतर मारी बार्टेल नावाच्या, चेहऱ्यावर केस असलेल्या दुसऱ्या स्त्रीशी लग्न केले आणि ती ज्युलियाची बहीण झेनोरा असल्याचे सांगून खेळ चालू ठेवला. १८८४ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गला वेड्यांच्या इस्पितळात मेला.

९. ते देह नॉर्वेत कसे गेले?

विक्रीमागून विक्री होत. मारी बार्टेलकडून ते जर्मन-ऑस्ट्रियन प्रदर्शनवाल्यांकडे आणि १९२१ मध्ये नॉर्वेतील हाकोन लुंड या जत्रा-व्यावसायिकाकडे गेले. त्या कुटुंबाने ते अनेक दशके फिरवले. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतही नेले. स्वीडनने प्रदर्शनास परवानगी नाकारली आणि एकूणच विरोध वाढला, तेव्हा ते गोदामात गेले. १९७६ मध्ये गोदाम फोडण्यात आले. त्यात बाळाच्या देहाची नासधूस झाली आणि उरलेले उंदरांनी खाल्ले. १९७९ मध्ये ज्युलिया यांचा देह चोरीला गेला. पोलिसांना तो सापडला, पण कोणाचा हे न कळल्याने ओस्लोच्या न्यायवैद्यक संस्थेत पडून राहिला. १९९० मध्ये त्याची ओळख पटली.

१०. ओळख पटल्यावरही दफनाला २०१३ उजाडले. इतका वेळ कशाला?

१९९४ मध्ये दफनाची शिफारस झाली होती, परंतु पुढील संशोधनाला उपयोग होईल या कारणाने देह राखून ठेवण्याचा निर्णय झाला आणि तो ओस्लो विद्यापीठाच्या संग्रहात गेला. मुख्य अडचण अशी की हक्क सांगणारे कोणी नव्हते. नवऱ्याने हक्क सांगितला तेव्हा मॉस्कोत दोन्ही देह लगेच मिळाले. माणूस म्हणून निरोप द्यायचा तर मात्र नातलग हवा होता.

सिनालोआत वाढलेल्या मेक्सिकन कलावंत लॉरा अँडरसन बार्बाता यांनी २००५ पासून हा पाठपुरावा केला. २००३ मध्ये न्यूयॉर्कला ज्युलिया यांच्यावरील एका नाटकासाठी त्यांनी काम केले होते. ते नाटक संपूर्ण अंधारात सादर होते, म्हणजे प्रेक्षकांना चेहरा दिसतच नाही, फक्त ऐकू येते. नातेवाईक नसल्यामुळे बार्बाता यांनी निराळा मार्ग घेतला: ओस्लोच्या वृत्तपत्रात ज्युलिया यांची निधनवार्ता छापून आणली, चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना घडवली, आणि अखेरीस सिनालोआचे तत्कालीन गव्हर्नर मारिओ लोपेझ वाल्देझ यांच्याकरवी राज्याच्या वतीने अधिकृत मागणी करवली. नॉर्वेच्या मानवी अवशेषविषयक राष्ट्रीय समितीने अनुकूल मत दिले. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी सिनालोआ दे लेयवा या गावी पांढऱ्या शवपेटीत, पांढऱ्या फुलांच्या राशीत त्यांचे दफन झाले. पुन्हा कोणी देह काढू नये म्हणून थडग्याला जाड काँक्रीटचे आवरण केले आहे.

११. तिला दातांच्या दोन ओळी होत्या असे डार्विनने लिहिले आहे ना?

लिहिले आहे, आणि ते चूक आहे. १८६८ च्या आपल्या ग्रंथात चार्ल्स डार्विन यांनी ज्युलिया यांचा उल्लेख दाढी असलेली 'स्पॅनिश नर्तकी' असा करून दुहेरी दंतपंक्तीचे सांगितले. त्यांनी ज्युलिया यांना पाहिले नव्हते. माहिती निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्याकडून मिळाली होती. दात दुहेरी नव्हते, जाड हिरड्यांमुळे तसा भास होई (प्रश्न ३ पाहा). डार्विन यांच्या नावामुळे ही चूक आजही जागोजागी उतरवली जाते.

१२. मेक्सिकोतील झाकातेकासचे ते सर्कशीतले कुटुंब हीच अवस्था घेऊन जन्मले आहे का?

नाही, जरी देश एकच असला तरी. झाकातेकासमधील कुटुंबातील केसाळपणा एक्स गुणसूत्रावरून वारशाने येतो. १९८४ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले आणि १९९५ मध्ये गुणसूत्रावरील जागा ठरली. त्या प्रकारात पुरुषांत केस सर्वत्र दाट असतात, तर स्त्रियांत पट्ट्यापट्ट्यांनी, कारण स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कामात असते. ज्युलिया यांच्या केसांची वाढ पट्ट्यांनी नव्हती आणि हिरड्यांचा भाग वेगळा होता. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या अवस्था मुळात अनेक आहेत, म्हणून छायाचित्र पाहून निदान करू नये.

१३. माझ्या हनुवटीवर राठ केस येऊ लागले आहेत. मलाही हेच आहे का?

बहुधा नाही. प्रौढ वयात हनुवटी, वरचा ओठ, छाती येथे पुरुषांसारखे केस येणे हे बहुतेक वेळा संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) बदलामुळे असते. त्यामागे पीसीओएस (स्त्रियांच्या बीजकोशांशी व संप्रेरकांशी संबंधित विकार) हे फार सामान्य कारण आहे. काही औषधांमुळेही केस वाढतात. पाळी अनियमित झाली असेल, वजन किंवा आवाज बदलला असेल, किंवा केस झपाट्याने वाढले असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ वा त्वचारोगतज्ज्ञाला लवकर दाखवावे. ज्युलिया यांची अवस्था जन्मापासूनची होती आणि तिचा पुरुषी संप्रेरकांशी संबंध नव्हता.

१४. आमच्या नात्यात असे बाळ जन्मले आहे. पुढच्या अपत्यालाही होईल का? उपाय आहे का?

आईवडिलांपैकी एकाला ही अवस्था असेल आणि ती प्रभावी पद्धतीने (म्हणजे एकाच पालकाकडून आलेला बदलही पुरतो अशी) उतरणारी असेल, तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता निम्मी असते. दोघांनाही नसेल, तर बदल बाळातच नव्याने घडलेला असू शकतो. मग पुढच्या अपत्याची जोखीम बरीच कमी असते. वरील प्रश्न १२ मधील एक्स गुणसूत्राच्या प्रकाराचे गणित निराळे आहे. त्यामुळे जनुकीय समुपदेशकाकडे एकदा जाणे हिताचे. मूळ जनुकीय बदलावर औषध नाही. लेझरने केस पुष्कळ कमी होतात, पण अनेक बैठका लागतात आणि ते पुन्हा येऊ शकतात. वाढलेल्या हिरड्या शस्त्रक्रियेने काढता येतात, त्याही पुन्हा वाढू शकतात. केस काढायचे की नाही हे मूल मोठे झाल्यावर त्याने ठरवावे, असे आम्हाला वाटते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ही अवस्था नाही, त्यामुळे केवळ तिच्या आधारे प्रमाणपत्र मिळत नाही. ग्रहण, शाप, पूर्वजन्म यांचा याच्याशी काहीही संबंध नाही. बाळंतिणीला कोणी तसे ऐकवत असेल तर त्याला हे उत्तर वाचायला द्यावे. महाराष्ट्रातही या अवस्थेची माणसे आहेत, शिकतात, नोकरी-संसार करतात. त्यांची नावे-गावे आम्हाला विचारू नयेत.

१५. सगळ्याच साइडशो (जत्रा-सर्कशीतल्या 'नवलाच्या' खेळांच्या) कलाकारांचे असेच हाल झाले का? काहींनी तर आपखुशीने हे काम केले म्हणतात.

सगळ्यांचे नाही. पोलंडमध्ये वॉर्साजवळ १८९० साली जन्मलेले स्टेफान बिब्रोव्स्की 'लायोनेल' या नावाने बार्नम आणि बेली यांच्या सर्कशीत १९०१ पासून झळकले. कसरती करत, अनेक भाषा बोलत आणि मानाने राहत. लाओस-सयाम भागातून आणलेल्या क्राओ यांना १८८३ मध्ये लंडनला लहान वयात 'माकड आणि माणूस यांमधला दुवा' म्हणून मांडले गेले, ही तर उघड क्रूरता होती. मोठेपणी मात्र त्यांनी अमेरिकी सर्कशीत सहकाऱ्यांचा आदर मिळवला. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला त्या वारल्या. आपल्या देहाचे प्रदर्शन होऊ नये म्हणून दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. ज्युलिया यांच्याबाबतीत काय घडले हे ज्या धंद्यात सर्वांना ठाऊक होते, त्यात राहून त्यांनी ही खबरदारी घेतली.

म्हणून 'खुशीने की जबरदस्तीने' असे विचारण्यापेक्षा आम्ही दोन गोष्टी पाहतो: पैसा कोणाच्या हाती पडत होता, आणि नको म्हणण्याची सोय होती का. बिब्रोव्स्की यांना ती होती. ज्युलिया यांना नव्हती (प्रश्न ७).

१६. तुम्ही तिचे फोटो का देत नाही? इतरत्र तर सहज मिळतात.

जे सहज मिळतात त्यांतील बहुतेक त्यांच्या मृत देहाचे आहेत, आणि ते घेताना परवानगी लेंटची किंवा नंतरच्या मालकांची होती. ते आम्ही वापरत नाही. हयातीत काढलेली रेखाचित्रे, ज्यांत त्या नृत्याच्या पोशाखात उभ्या आहेत, तेवढी आम्ही देतो, तीही खेळवाल्यांनी घातलेली शीर्षके काढून. शाळा-महाविद्यालयातील व्याख्यानासाठी चित्र हवे असल्यास तसे कळवावे. चित्राबरोबर प्रश्न ५ चे उत्तर वाचून दाखवावे, एवढी एकच अट आहे.